नळांतील हवा आणि घरच्या गरम पाण्याचा दाब
(नभोवाणीवरील भाषण)



हिंवाळ्याच्या दिवसांत पुष्कळ घरांतून सकाळीं एक कोडें पडतें. गच्चीवरील टाकी कांठोकांठ भरलेली असते. सौर बंबांतील पाणी हात लावूं देणार नाहीं इतकें तापलेलें असतें. आणि न्हाणीघरांतील गरम पाण्याची तोटी मात्र दोनचार वेळां फुरफुरते, घोटभर पाणी टाकते आणि गप्प बसते. शेजारची थंड पाण्याची तोटी त्याच वेळीं धो धो वाहत असते. घरांतील वडील मंडळी नळ तुंबला असें म्हणतात, कारागीर नळांत क्षार धरला असें सांगतो, आणि कित्येकदां चांगले नळ उखडून तेथें नवे घातले जातात. वास्तविक अनेक वेळां त्या नळांत कचराहि नसतो आणि क्षारहि नसतो. त्यांत असते ती केवळ हवा. ही हवा शेंकडों लिटर पाण्याला कशी अडवते, तिला वाट कशी करून द्यावी, आणि तापणाऱ्या पाण्याचा दाब आटोक्यांत कसा ठेवावा, ह्याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे. विषय घरगुती खरा. पण त्यांत दुर्लक्ष झालें तर नुसती आंघोळ चुकते असें नव्हे, अंग भाजण्याचा किंवा भांडें फुटण्याचाहि प्रसंग येऊं शकतो.

प्रथम दाब म्हणजे काय तें पाहूं. पाण्याचा दाब त्याच्या सांठ्यावर अवलंबून नसतो, उंचीवर असतो. अहमदनगर जिल्ह्यांतील, म्हणजे २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यांतील, अकोलें तालुक्यांत प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचें धरण आहे. तें १९२६ मध्यें पुरें झालें. त्याची उंची सुमारें ८२ मीटर आहे. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या तळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम भार घालतो. ह्या हिशेबानें जलाशय पूर्ण भरला म्हणजे भिंतीच्या पायथ्याशीं दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोग्रॅमच्या आसपास दाब पडतो. आतां मौज अशी कीं, त्या विशाल जलाशयाऐवजीं तेवढ्याच उंचीची बोटभर रुंदीची नळी पाण्यानें भरून उभी केली, तरी तिच्या तळाशीं दाब तितकाच भरेल. आपल्या घरासहि हाच नियम लागू आहे. तोटीपासून तीन मीटर उंचीवर असलेली टाकी पांचशें लिटरची असो वा पांच हजार लिटरची, ती तोटीशीं दर चौरस सेंटिमीटरला सुमारें तीनशें ग्रॅमच दाब देते. म्हणून पाणी जोरानें येत नाहीं अशी तक्रार असलेल्या गृहस्थानें मोठी टाकी विकत घेण्यांत अर्थ नाहीं. आहे तीच टाकी उंच बसविली पाहिजे.

हें तत्त्व आपल्या पूर्वजांस चांगलें अवगत होतें. अहमद निजामशहानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस नगर शहर वसविलें. त्याच्या भोंवतालच्या डोंगरांच्या पायथ्यापासून भाजलेल्या मातीच्या नळांनीं शहरांत व बागांत पाणी खेळविलें होतें. ह्या नळांस लोक खापरी नळ म्हणत. कापूरवाडीकडून येणारा नळ त्यांपैकींच. शहराबाहेर तलावाच्या मध्यभागीं उभा असलेला फराहबक्ष महाल, ज्याला आपण फऱ्याबाग म्हणतों, तो मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत १५८३ च्या सुमारास पुरा झाला. तेथील कारंजीं उडविण्यासाठीं कोणतेंहि यंत्र नव्हतें. दुरून उंचावरून आलेल्या पाण्याचा दाबच तें काम करी.

परंतु लांबच्या नळास एक शत्रु असतो, आणि तो म्हणजे वाटेंत कोंडलेली हवा. जमीन जेथें चढते तेथें नळहि चढतो, आणि त्या चढावाच्या माथ्यावर हवेचे बुडबुडे गोळा होतात. पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, १७५० च्या सुमारास, कात्रजहून जो जलमार्ग आणला त्यावर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले आहेत. नांव किती अर्थपूर्ण आहे पाहा. पाण्याबरोबर आलेल्या हवेनें तेथें श्वास सोडावा आणि पाण्यानें पुढें जावें, अशी ती योजना. आजच्या घरांत आपण पोलादी वा प्लॅस्टिकचे नळ घालतों, सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवितों, पण हा उच्छ्वास ठेवण्यास मात्र विसरतों.

ही हवा नळांत येते कोठून? तिचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग अगदीं उघड आहे. टाकी धुण्यासाठीं रिकामी केली, किंवा पाणी न आल्यामुळें ती तळास गेली, म्हणजे नळांतील पाणी उतरतें आणि त्याच्या जागीं हवा शिरते. नगर शहरास आज राहुरी तालुक्यांतील मुळा धरणाचें पाणी मिळतें. पण ठरावीक वेळींच पाणी सोडण्याची पद्धति आपल्याकडील बहुतेक शहरांत आहे, आणि त्यामुळें नळ रिकामे होण्याचा व पुन्हां भरण्याचा हा खेळ सतत चालूं राहतो. दुसरा मार्ग म्हणजे सैल झालेला सांधा. उंच जागीं, जेथें नळांतील दाब बाहेरच्या हवेहूनहि कमी असतो, तेथें फट पडली तर पाणी बाहेर गळत नाहीं. उलट हवा आंत ओढली जाते, आणि डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. तिसरा मार्ग सर्वांत सूक्ष्म आहे. पाण्यांतच हवा विरघळलेली असते. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तेंच पाणी साठ अंशांपर्यंत तापविलें तर त्याच्या निम्म्याच्या आसपासच राहतो. उरलेला बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. चुलीवर ठेवलेल्या पातेल्याच्या तळाशीं पाणी उकळण्याच्या पुष्कळ आधीं जे बारीक मणी दिसूं लागतात, ते हेच. तात्पर्य, गरम पाण्याचा नळ स्वतःच हवा निर्माण करीत असतो. म्हणूनच हा विकार थंड नळापेक्षां गरम नळास अधिक होतो.

आतां ही दुबळी हवा पाण्यास अडवते कशी? समजा, टाकींतील पाण्याची पातळी गच्चीवरील नळापेक्षां एक मीटर उंच आहे. कारागिरानें नळ नेतांना वाटेंतील तुळईवरून साठ सेंटिमीटर वर चढविला, पलीकडे तितकाच खालीं उतरविला, पुढें कठड्यावरून पुन्हां साठ सेंटिमीटर चढविला आणि मग खालच्या मजल्यावरील तोटीकडे नेला. नळ पाण्यानें पूर्ण भरलेला असेल तर ह्या चढउतारांनीं कांहीं बिघडत नाहीं. चढतांना जेवढा दाब खर्च होतो तेवढा उतरतांना परत मिळतो. पण उतरत्या दोन्ही भागांत हवा कोंडली असेल, तर हिशेब फिरतो. हवेस वजन नाहींच म्हटलें तरी चालेल. ती उतारावरून कांहींच परत देत नाहीं. पहिल्या चढावास साठ आणि दुसऱ्या चढावास साठ मिळून एकशें वीस सेंटिमीटरचा खर्च होतो, आणि आपल्यापाशीं जमा आहे शंभराची. पाणी दुसऱ्या चढावावर अर्धवट येऊन थांबतें. तोटी टाकीपेक्षां चार मीटर खालीं असली तरी तिला थेंब मिळत नाहीं. जेथें टाकी उंच आहे तेथें दाब मुबलक असल्यामुळें पाणी हवेला ढकलून नेतें. जेथें दाब बेताचा तेथेंच हा अडसर बसतो.

ह्यावरचा मूलगामी उपाय नळ घालतांनाच करावयाचा असतो. नळ शक्य तोंवर एकाच दिशेनें चढता किंवा एकाच दिशेनें उतरता असावा. मध्यें उंटाची पाठ नसावी. ती टाळतां येत नसेल, तर तिच्या माथ्यावर हवा सोडण्याची सोय करावी. सौर बंबाच्या टाकीवर तर एक उभी नळी असलीच पाहिजे. ही नळी थंड पाण्याच्या टाकीच्या माथ्याहून उंच जावी, तिचें तोंड कचरा पडूं नये म्हणून खालीं वळविलेलें असावें, आणि तिच्यावर कॉक कधींहि बसवूं नये. कोणी तिच्यांतून पाणी सांडतें म्हणून तिला बूच मारतात. हें घराच्या धुराड्यास चिंध्या कोंबण्यासारखें आहे. तिच्यांतून पाणी सांडत असेल, तर नळी आंखूड आहे किंवा थंड पाण्याचा जोर कोठून तरी गरम नळांत शिरत आहे, असें समजावें व तें कारण दूर करावें.

हवा अडकलीच, तर ती काढण्याची रीत अशी. प्रथम पाणी थंड असावें. सर्वांत खालच्या मजल्यावरील गरम पाण्याची तोटी पुरती उघडावी. फुरफुर थांबून धार एकसारखी झाली म्हणजे ती बंद करावी, आणि मग त्याच्या वरची उघडावी. असें खालून वर जावें. एवढ्यानें काम झालें नाहीं, तर ज्या तोटींत जोराचें पाणी येतें ती आणि अडलेली तोटी ह्यांस एक स्वच्छ रबरी नळी घट्ट जोडावी, दोन्ही तोट्या उघडाव्या आणि मिनिट दोन मिनिटें पाणी उलट दिशेनें वर चढूं द्यावें. कोंडलेली हवा मागें ढकलली जाऊन टाकीवरील उभ्या नळीवाटे निघून जाते. गच्चीवर एका माणसानें उभें राहून त्या नळीकडे लक्ष ठेवावें. काम झालें कीं रबरी नळी लगेच काढून घ्यावी. ती तशीच जोडलेली राहूं दिल्यास एका टाकीचें पाणी दुसरीकडे जात राहील. हा उपचार केवळ उघड्या श्वासनळीच्या बंबासच करावा.

येथें दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. पाणी तापलें कीं फुगतें. पंचवीस अंशांचें पाणी पासष्ट अंशांपर्यंत नेलें, तर त्याचें आकारमान शेंकडा दीडपेक्षां थोडें अधिक वाढतें. पंधरा लिटरच्या गीझरांत हें वाढीव पाणी सुमारें पाव लिटर भरतें. पाव लिटर म्हणजे काय मोठेंसें, असें वाटेल. पण पाणी दाबून लहान होत नाहीं. त्याला जाण्यास जागा मिळाली नाहीं, तर तें लोखंडाचें भांडेंहि ताणूं लागतें. आपल्या आजीच्या तांब्याच्या बंबास हें भय नव्हतें. मध्यें विस्तवाचें नळकांडें, भोंवतीं पाणी, बाजूस तोटी आणि वर नुसतें टेकविलेलें झांकण. पाणी फुगलें तर झांकण उचललें जाई, वाफ झाली तर ती निघून जाई. पाणी घातल्याशिवाय बंबांत विस्तव घालूं नये, एवढा एक नियम पाळला कीं पुरे. गीझर मात्र बंद भांडें आहे, आणि म्हणून त्याला झांकणाऐवजीं सुरक्षा व्हॉल्व्ह दिलेला असतो. पाणी तापत असतां ह्या व्हॉल्व्हांतून थोडे थेंब गळतात. हा रोग नव्हे, हें त्याच्या प्रकृतीचें लक्षण आहे. थेंब गळतात म्हणून त्याला खिळा ठोकणें किंवा बूच बसविणें हा शुद्ध आत्मघात होय. उष्णता आंवरणारी कळ बिघडली आणि व्हॉल्व्हहि बंद असला, तर आंतील पाणी शंभर अंशांच्या पलीकडे तापतें; भांडें फुटतांच त्याचा कांहीं भाग एका क्षणांत वाफ होतो, आणि वाफ पाण्याच्या सोळाशें ते सतराशें पट जागा मागते. मात्र गीझर बंद असतांहि व्हॉल्व्ह सतत वाहत असेल, तर पुरवठ्याचा दाब प्रमाणाबाहेर आहे किंवा व्हॉल्व्हांत क्षार बसला आहे, असें जाणून कारागिरास बोलवावें.

गीझरची हवा काढणें सोपें आहे. त्याची गरम पाण्याची नळी आंत अगदीं माथ्यापाशीं सुरू होते. म्हणून तोटी उघडून धरली कीं आधीं हवा जाते आणि मग पाणी येतें. नवा गीझर बसविल्यावर, दुरुस्तीनंतर किंवा पाणी खंडित झाल्यावर, गरम पाण्याच्या तोटींतून अखंड धार येईपर्यंत विजेचें बटण दाबूं नये. आंत हवा असतां कळ सुरू केली, तर तापणारी कांडी उघडी पडून जळून जाते.

जितका जादा दाब वाईट, तितकाच उणा दाबहि वाईट. नगर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच आहे. तेथें हवा आपल्या सभोंवतीं दर चौरस सेंटिमीटरला साडेनऊशें ग्रॅमच्या आसपास भार घालीत असते. सौर बंबाची श्वासनळी बुजलेली असेल आणि खालून पाणी वेगानें काढलें, तर आंत पोकळी पडते आणि बाहेरची हवा पातळ पत्र्याची टाकी चुरगळून टाकते. अशा टाकीस दाब वाढविणारा पंप जोडणेंहि तितकेंच धोक्याचें. ती उघड्या श्वासनळीवर चालण्यासाठीं घडविलेली असते, दाब सोसण्यासाठीं नव्हे. पंप हवाच असेल तर दाब सोसणारी टाकी घ्यावी. तसेंच थंड व गरम पाणी एकाच तोटींत मिसळण्याची सोय असेल, तर दोहोंचा दाब सारखा ठेवावा. नाहीं तर जोराचें थंड पाणी गरम नळांत उलटें घुसतें आणि वर चढून श्वासनळींतून गच्चीवर सांडतें.

आज आपल्यापैकीं अनेकांचीं मुलेंबाळें इंग्लंडसारख्या थंड देशांत संसार करीत आहेत. तेथील घरांत बाष्पक नांवाची भट्टी असते, पण तिच्यांत वाफ नसून गरम पाणी असतें, आणि तें भिंतीलगतच्या चपट्या पोकळ पेट्यांतून फिरून खोल्या उबदार ठेवतें. हें पाणी बंद चक्रांत तेंच तें फिरतें. तेथेंहि हवा सांचते. पेटी वर गार आणि खालीं गरम लागली तर वर हवा आहे. उलट खालीं गार लागली तर तळाशीं गाळ आहे. हवा काढतांना भट्टी बंद करून पाणी निवूं द्यावें, पेटीच्या वरच्या कोपऱ्यांतील लहान खुंटीखालीं फडकें धरावें आणि किल्लीनें ती पाव फेरा, फार तर अर्धा फेरा उलटी फिरवावी. सूं असा आवाज होऊन हवा निघते. पाणी दिसतांच खुंटी आवळावी. मग दाबाचा कांटा पाहावा. पाणी निवलेलें असतां तो एक ते दीड बार इतका असावा. हवा गेली कीं दाब उतरतो, म्हणून पुरवठ्याचा कॉक सावकाश उघडून तेवढाच भरावा व कॉक पक्का बंद करावा. तापल्यावर कांटा थोडा चढतो, तें स्वाभाविक आहे. पण तो तीन बारपर्यंत गेला तर सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो. दर आठवड्यास दाब उतरत असेल, तर कोठें तरी गळती आहे. अशा वेळीं नुसतें पाणी भरीत राहूं नये, कारण प्रत्येक नव्या पाण्याबरोबर नवा प्राणवायु येतो आणि लोखंड आंतून गंजतें.

नगर जिल्हा हा साखर कारखान्यांचा जिल्हा. प्रवरानगर येथें १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यामागून पुष्कळ निघाले. त्या कारखान्यांतील मोठमोठीं बाष्पकें सरकारी देखरेखीखालीं चालतात. त्यासाठीं १९२३ मध्येंच कायदा झाला होता. ठरलेल्या मुदतीनें तपासनीस येतो, व्हॉल्व्ह पाहतो, दाखला देतो. आपल्या न्हाणीघरांतील गीझर पाहण्यास मात्र कोणीहि तपासनीस येणार नाहीं. तें काम गृहस्थानें आणि गृहिणीनेंच केलें पाहिजे. वर्षांतून दोनदां, पावसाळा संपल्यावर एकदां आणि उन्हाळ्याच्या आरंभीं एकदां, सौर बंबाची श्वासनळी मोकळी आहे कीं नाहीं हें पाहावें. मधमाश्या आणि गांधीलमाश्या तिच्यांत घर करतात. गीझर बंद करून, आंतील पाणी निवल्यावर, सुरक्षा व्हॉल्व्हाची दांडी एकवार उचलून पाणी येतें कीं नाहीं तें तपासावें. बोअरचें जड पाणी वापरणाऱ्यांनीं व्हॉल्व्ह आणि कांडी क्षारांसाठीं दर वर्षीं उघडून घ्यावी. उष्णतेची कळ साठ अंशांच्या वर ठेवण्याचें कारण नाहीं. तेवढें पाणीसुद्धां कोवळ्या मुलाची कातडी कांहीं सेकंदांत भाजतें, म्हणून बादलींत आधीं थंड पाणी घ्यावें आणि मग गरम.

ह्यांतील एकाहि गोष्टीस फारसा पैसा लागत नाहीं. नवे नळ घालण्यापूर्वीं, किंवा कारागिरास भिंत फोडूं देण्यापूर्वीं, आपल्या घरचा नळ टाकीपासून तोटीपर्यंत कोठें चढतो आणि कोठें उतरतो, ह्याचें एक साधें चित्र कागदावर काढावें. जेथें रेघ वर जाऊन खालीं येते, तेथें हवा असण्याचा संभव आहे. तें ठिकाण बोटानें दाखवितां आलें, म्हणजे कारागिराचें काम अर्ध्या तासाचें होतें आणि आपली भिंत शाबूत राहते.